आंबेमोहोराचा सुवास आणि प्रतिपिंडाची साक्ष

(मावळ तालुक्यातील सरपंच, पंचायत समिती सदस्य, शिक्षक व कृषी विस्तार कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यात नवल नाही. ‘पॉलिअमाइनचे नियमन करणारी प्रथिने व ती हुडकून काढणारी प्रतिपिंडे’ हा विषय विद्यापीठातील परिसंवादास शोभणारा आहे. भात पिकविणाऱ्या तालुक्याच्या मेळाव्यात तो कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला होता. परंतु माहिती खात्यातील नोकरीचा एक गुण असा की, जे आपल्याला समजलेले नाही ते दुसऱ्यास समजावून सांगण्यापूर्वी समजून घ्यावेच लागते. या विषयात जसजसा शिरत गेलो, तसतसे ध्यानात आले की, त्याचे एक टोक दूरदेशीच्या प्रयोगशाळांत असले तरी दुसरे टोक आपल्याच खाचरात रोवलेले आहे. आंबेमोहोर शिजत असता चार घरांपलीकडे जो दरवळ जातो, त्या दरवळाची ही कथा आहे. आणि त्या दरवळाच्या नावावर भरल्या जाणाऱ्या पोत्यांचीही.

मावळचे भात म्हणजे काय, हे मी आपणास सांगणे धार्ष्ट्याचे होईल. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत राब भाजण्यापासून मळणीपर्यंतचे सारे वर्ष भाताभोवती फिरते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस वडगाव-तळेगावकडे येऊ लागले की कोसा-कोसाला तो कमी होत जातो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी याच पट्ट्यातून वाहते, आणि तिचे नाव धारण करणारा भाताचा वाणही याच मातीत जन्मला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण प्रसृत झाला. आंबेमोहोर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून तो निर्माण करण्यात आला. एक आपला उंच, वाऱ्याने लोळणारा, कमी उतार देणारा पण सुवासिक. दुसरा फिलिपाईन्समधून १९६६ साली बाहेर पडलेला बुटका, भरघोस उतार देणारा पण निर्गंध. पित्याची ताकद आणि आईचा गंध एका लेकरात उतरावा, अशी ती आकांक्षा होती, आणि ती बऱ्याच अंशी सफल झाली, हे आपण पाहतोच आहोत.

आता व्यवहाराची बाजू पाहू. महामार्गावरून जाणारा प्रवासी लोणावळ्यास चिक्की घेतो आणि कामशेत-वडगावच्या बाजूस आला की ‘इंद्रायणी’ किंवा ‘आंबेमोहोर’ असे नाव लिहिलेले पोते घेतो. तो जास्तीचा पैसा मोजतो तो सुवासासाठी आणि नावासाठी. परंतु त्या पोत्यात खरोखर काय आहे, याचा दाखला कोणता? विक्रेत्याचा शब्द आणि गिऱ्हाइकाचे नाक, याहून अधिक काही नाही. आखूड, गोलसर दाण्याचे परप्रांतीय तांदूळ आंबेमोहोराच्या नावाने बाजारात येतात, ही तक्रार जुनी आहे. जो शेतकरी कमी उतार सोसून, भात लोळण्याचा धोका पत्करून खरा आंबेमोहोर राखतो, त्याच्या कष्टाचा मोबदला असा दुसऱ्याच्या थैलीत जातो. सुवास म्हणजे वस्तुतः काय, तो कशाने येतो आणि कशाने जातो, हे नेमके ठाऊक झाल्याखेरीज या तक्रारीला आधार मिळत नाही.

हे नेमके ज्ञान टप्प्याटप्प्याने मिळाले. १९८२-८३ साली बटरी, लिंग आणि जुलियानो या शास्त्रज्ञांनी सुवासिक तांदळाच्या गंधातील मुख्य द्रव्य ओळखले. त्याचे नाव ‘२-ॲसिटिल-१-पायरोलीन’. नाव लक्षात ठेवण्याची सक्ती नाही. आपण त्यास येथे गंधद्रव्य म्हणू. माणसाच्या नाकाची या द्रव्याविषयीची जाणीव विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक हजार कोटी भागांत या द्रव्याचा एक भाग असला तरी तो हुंगून कळतो. काही घरांच्या परसात केवड्याच्या जातीचे हिरव्या, लांबट पानांचे एक झुडूप असते. त्याचे पान साध्या भातात टाकले की आंबेमोहोराचा भास होतो. त्या पानातही हेच गंधद्रव्य आहे. (विक्रेत्यांनी यापासून बोध घेऊ नये, एवढीच विनंती!) पुण्यातील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. अल्ताफ नदाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पानांतील आणि देशी सुवासिक तांदळांतील गंधद्रव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. या प्रमुख द्रव्याच्या जोडीला अनेक गौण वासांची सोबत असते आणि त्या सोबतीमुळेच एका वाणाचा गंध दुसऱ्याहून निराळा भासतो, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुढे आली.

परंतु हे गंधद्रव्य झाडात तयार होते कशापासून? येथे पॉलिअमाइन या मंडळींचा प्रवेश होतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. लेव्हेनहूक या डच संशोधकाने १६७८ साली आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषाच्या वीर्यात काही स्फटिक पाहिले. ते याच कुळातील एका द्रव्याचे होते, हे पुढे दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर सिद्ध झाले. १८८५ च्या सुमारास बर्लिनच्या ब्रीगर याने कुजणाऱ्या मांसातून या कुळातील आणखी एक द्रव्य वेगळे केले आणि कुजण्यावरूनच त्याचे नाव ‘पुट्रेसिन’ ठेवले. नावाप्रमाणेच त्याची दुर्गंधी असह्य असते. असे असूनही हे द्रव्य केवळ मढ्यात नसते. ते प्रत्येक सजीव पेशीत, रोपात, गुरात, आपल्यात, अल्प प्रमाणात सदैव असते. पेशीची वाढ व विभाजन त्यावाचून होत नाही. धनभार असलेले हे रेणू आनुवंशिक द्रव्याच्या ऋणभारित धाग्यांना बिलगून राहतात. ते कमी पडले तर वाढ खुंटते आणि बेसुमार झाले तर पेशी बेबंद होतात. कर्करोगाच्या संशोधनात या कुळाकडे इतके लक्ष दिले जाते, त्याचे कारण हेच.

आणि या दुर्गंधी पुट्रेसिनपासूनच आंबेमोहोराच्या सुवासाची वाट निघते, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. पानात पुट्रेसिनचे विघटन होते. त्यातून एक मधले, अस्थिर द्रव्य तयार होते. साध्या भातात एक प्रथिन या मधल्या द्रव्यावर टपूनच बसलेले असते आणि ते त्याचे झटपट निरुपद्रवी, निर्गंध पदार्थात रूपांतर करून टाकते. ‘बीटेन आल्डिहाइड डीहायड्रोजिनेज-२’ हे त्या प्रथिनाचे नाव. आपण त्याला त्याच्या आद्याक्षरांनी ‘बी.ए.डी.एच.-२’ म्हणू. हे प्रथिन विकर आहे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे. सुवासिक भातात हे विकर निकामी असते. मधले द्रव्य साचत जाते, आणि साचलेल्या त्या द्रव्यातून गंधद्रव्य तयार होते. म्हणजे आंबेमोहोरास सुवास येतो तो काही अधिक असल्यामुळे नव्हे, तर काही नसल्यामुळे! गावच्या पाटबंधाऱ्याचा दरवाजा नादुरुस्त झाला म्हणजे जसे पाणी ठरल्या पाटाने न जाता भलत्याच शेतात भरते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे भलत्या शेतात पीक उत्तम आले.

पॉलिअमाइनचे प्रमाण ताब्यात ठेवणारी प्रथिने प्राण्यांतही आहेत आणि त्यांतील एकाची रीत इतकी चमत्कारिक आहे की, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या प्रथिनाचे नाव ‘अँटिझाइम’. ही संकल्पना १९७६ साली प्रथम मांडली गेली. पेशीत प्रथिन तयार होताना आनुवंशिक संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. अँटिझाइमचा संदेश नेहमीप्रमाणे वाचला, तर वाटेत लवकरच ‘थांबा’ अशी खूण लागते आणि काम अर्धवट राहते. मात्र पेशीत पॉलिअमाइन वाढले की वाचणारे यंत्र त्या ठिकाणी नेमके एक अक्षर ओलांडून पुढे सरकते, ‘थांबा’ ही खूण नजरेआड होते आणि अँटिझाइम पूर्ण तयार होते. मग ते पुट्रेसिन निर्माण करणाऱ्या विकरास कवटाळते आणि त्याला मोडीत काढणाऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन करते. साठा वाढताच उत्पादन थांबवणारी ही व्यवस्था पाहून, आपल्या गोदामांच्या नोंदवह्या इतक्या तत्पर असत्या तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. हेच पुट्रेसिन-निर्मितीचे विकर बंद पाडणारे एक औषध आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरण्यास १९९० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा हा विषय केवळ भातापुरता नाही.

आता मुख्य प्रश्न. पेशी डोळ्यास दिसत नाही. पेशीतील हजारो प्रथिनांपैकी एक विशिष्ट प्रथिन आहे की नाही, हे कसे ओळखावयाचे? येथे प्रतिपिंड कामास येते.

प्रतिपिंड हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत ठेवलेली असते. भाताच्या कापणीच्या दिवसांत कोणास घोणस वा नाग डसला, तर जे औषध शिरेतून देतात, त्याला आपल्याकडे सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात. ती वस्तुतः लस नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्यास टोचत गेले असता घोड्याचे रक्त त्या विषास धरून ठेवणारी प्रथिने तयार करते; ती घोड्याच्या रक्तातून वेगळी काढून रुग्णास देतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेची या कामातील परंपरा मोठी आहे. परक्या पदार्थाच्या अंगावरील एखादी विशिष्ट खाच-खोच ओळखून तिला घट्ट चिकटणारे जे प्रथिन रक्त तयार करते, तेच प्रतिपिंड. कुलपास जशी त्याचीच किल्ली, तसे हे नाते असते. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली या शक्तीचा पुरावा दिला. आणि १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधली, जिच्यासाठी त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

संशोधक नेमक्या या गुणाचा उपयोग करतो. विषाऐवजी त्याला शोधावयाचे असलेले प्रथिन, किंवा त्याचा एखादा तुकडा, तो बहुधा सशास टोचतो. आणि सशाच्या रक्तातून त्या प्रथिनास चिकटणारी प्रतिपिंडे मिळवतो. नंतर भाताची कोवळी पाने कुटून त्यातील प्रथिनांचा अर्क काढतात. हा अर्क एका थलथलीत थरातून विजेच्या प्रवाहाने ओढला असता लहान प्रथिने पुढे पळतात, मोठी मागे राहतात. आकारमानानुसार त्यांची रांग लागते. ही रांग कागदासारख्या एका पटलावर उमटवून घेतात आणि त्यावर प्रतिपिंडांचे द्रावण सोडतात. ज्या प्रथिनाचा शोध आहे तेवढ्यालाच प्रतिपिंड चिकटते, आणि त्याच्या मागोमाग सोडलेल्या रंगीत वा प्रकाशमान खुणेमुळे तेथे एक पट्टी उमटते. १९७९ पासून ही पद्धत जगभर रूढ आहे. करोनाच्या साथीत नाकातील द्रव घालून पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी जी पट्टी आपण पाहिली, तीही याच तत्त्वावर चालते. विषाणूच्या प्रथिनास धरणारी प्रतिपिंडे तीत वाळवून ठेवलेली असतात.

भाताच्या बाबतीत कथा अशी घडली. २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की, सुवासिक भातांच्या आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आठ अक्षरांची गळती झालेली आहे, आणि त्या गळतीमुळे ५०३ दुव्यांची प्रथिनसाखळी सुमारे निम्म्यावरच तुटावी. ध्यानात घ्या, ‘तुटावी’. संदेशावरून काढलेले ते अनुमान होते. आदेशाचा कागद पाहून काम झाले की नाही ते ठरत नाही, हा अनुभव येथे बसलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास सांगावयास नको. जागेवर जाऊन पाहावे लागते. हे जागेवर जाऊन पाहण्याचे काम प्रतिपिंडांनी केले. २००८ साली चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केले की, ५०३ दुव्यांचे अखंड बी.ए.डी.एच.-२ प्रथिन फक्त निर्गंध भातांतच आढळते. सुवासिक भातांत ते नाही. त्यांनी सुवासिक रोपात अखंड जनुक घालूनही पाहिला. पूर्ण प्रथिन तयार होऊ लागले आणि गंधद्रव्य लक्षणीयरीत्या घटले. आरोप, साक्ष आणि शाबिती यांची साखळी अशी पूर्ण झाली.

परंतु साक्षीदाराचीही उलटतपासणी झाली पाहिजे. बी.ए.डी.एच.-२ ला बी.ए.डी.एच.-१ नावाचा एक भाऊ आहे. त्याचा जनुक चौथ्या गुणसूत्रावर असून दोघांचा तोंडवळा बराच सारखा आहे. प्रतिपिंड नीट निवडले नाही तर ते थोरल्याऐवजी धाकट्यास चिकटते, आणि संशोधक फसतो. हा धोका सर्वच संशोधन-प्रतिपिंडांस आहे. बाटलीवर लिहिलेल्या प्रथिनाखेरीज इतरांनाही चिकटणारी प्रतिपिंडे बाजारात विकली जातात, त्यांत पैसा व श्रम वाया जातात, अशी जाहीर तक्रार शंभरावर शास्त्रज्ञांनी २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकातून केली होती. बियाण्याच्या पिशवीवरील नाव आणि आतील दाणा यांत अंतर पडते, तसाच हा प्रकार. प्रयोगशाळाही त्याला अपवाद नाहीत. यावर खात्रीचा उपाय एकच. ज्या जिवात ते प्रथिन मुळीच नाही अशा जिवाचा अर्क घेऊन पाहावे. तेथेही पट्टी उमटली तर प्रतिपिंड खोटे. बी.ए.डी.एच.-२ च्या बाबतीत असा जीव निसर्गानेच तयार ठेवला आहे. तो म्हणजे सुवासिक भात. ज्याची परीक्षा करावयाची तोच परीक्षकाची परीक्षा घेतो, असा हा दुर्मीळ योग आहे.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील की, मग अशी एखादी पट्टी बाजार समितीच्या टेबलावर का ठेवू नये? पोते आले की पट्टी बुडवावी आणि खरे-खोटे करावे. कल्पना वेडगळ नाही. याच महाराष्ट्रात तसा दाखला आहे. २००२ साली बी.टी. कापसास परवानगी मिळाल्यावर बनावट बियाण्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पानातील बी.टी. प्रथिन ओळखणारे प्रतिपिंडाधारित संच तयार केले. पान चुरगाळावे, द्रावणात घालावे, पट्टी बुडवावी, इतके ते सोपे होते, आणि विदर्भातील शेतकऱ्याच्या हातात विक्रेत्याविरुद्ध पहिल्यांदाच पुरावा आला.

मात्र कापूस आणि तांदूळ यांत एक मूलभूत भेद आहे. कापसात प्रथिन ‘आहे का’ हे पाहावयाचे होते. सुवासिक तांदळात ते ‘नाही ना’ हे पाहावयाचे आहे. पट्टीवर रेघ उमटली नाही, याचा अर्थ प्रथिन नाही असाही होतो आणि पट्टी खराब झाली असाही होतो. शिवाय या जनुकाचा संदेश कोवळ्या, निरोगी पानांत सर्वाधिक आढळतो. सडलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळात त्याचा माग काढणे फार कठीण. तांदूळ शिजला की प्रथिनाची घडीच मोडते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, हे प्रतिपिंड सुवासिक व निर्गंध यांत भेद करील. आंबेमोहोर व बासमती यांत करणार नाही. जगातील बहुसंख्य सुवासिक वाणांत तीच आठ अक्षरे गळालेली आहेत. २०१५ साली तर चीनमध्ये निर्गंध भातातील हा जनुक मुद्दाम तोडून तो सुवासिक करण्यात आला. याचा अर्थ असा की, यापुढे निव्वळ सुवास ही मावळच्या किंवा मुळशीच्या मालकीची खूण राहिलेली नाही. कोणी आपणास ‘एका चाचणीत अस्सल आंबेमोहोर ओळखून देतो’ असे सांगत आला, तर त्यास हा प्रश्न विचारावा: चाचणी गंधाची आहे की वाणाची? वाणाची ओळख पटवावयाची तर जनुकीय खुणांचा पूर्ण ठसा घ्यावा लागतो, आणि ते काम प्रयोगशाळेचे आहे. ही प्रतिपिंडे ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापून विकली जातात. ते शब्द शोभेचे नव्हेत.

मग आपल्या हाती काय उरते? माझ्या मते पुष्कळच उरते, कारण प्रतिपिंडाच्या साक्षीने एक गोष्ट निर्विवाद झाली आहे. सुवास अभावातून येतो. म्हणून तो अप्रभावी गुण आहे. रोपास दोन्हीकडून तुटका जनुक मिळाला तरच सुवास. एकीकडून जरी धडधाकट जनुक आला, तरी प्रथिन तयार होते आणि सुवास मावळतो. आंबेमोहोर आणि आय.आर.-८ यांच्या पहिल्या संकरित पिढीत सुवास दडून गेलेला असतो. दुसऱ्या पिढीत सुमारे चौथ्या हिश्शात तो पुन्हा प्रकट होतो, आणि तेथून निवड करीत करीत पैदासकारास ‘इंद्रायणी’पर्यंत यावे लागते. जे मिळवावयास इतकी वर्षे लागली, ते घालवावयास खळ्यावरचा एक निष्काळजी दिवस पुरतो.

भात हे मुख्यतः स्वपरागसिंचित पीक आहे. शेजारच्या शेतातून परागाने होणारी भेसळ अल्प असते, आणि प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरेसे मानले आहे. खरी भेसळ माणसाच्या हातून होते. एकाच मळणीयंत्रातून एकामागून एक चार जणांचे चार वाण जातात. पहिल्याचे दाणे यंत्राच्या कपारीत राहतात आणि दुसऱ्याच्या पोत्यात पडतात. गेल्या वर्षीची पोती न झटकता वापरली जातात. पेरलेल्या राबात मागील हंगामाचे पडीक दाणे उगवतात. यंत्र भाड्याने देणाऱ्याने दोन शेतकऱ्यांमध्ये ते रिकामे फिरवून झाडून घ्यावे, एवढी साधी अट ग्रामसभेने घातली तरी मोठे काम होईल. यंत्रमालकांची कुरकूर होईल, पण ती सोसण्यासारखी आहे. बियाण्यासाठी खाचराचा मधला तुकडा निराळा राखावा, फुलोऱ्यात एकदा आणि कापणीपूर्वी एकदा त्यातून हिंडून उंचीने, लोंबीने वा दाण्याच्या रंगाने निराळी दिसणारी झाडे उपटून काढावीत. आंबेमोहोराच्या उंच पिकात बुटके झाड लांबूनच ओळखू येते.

सुवास तपासण्यासाठी सूद व सिद्दिक यांनी १९७८ साली दिलेली रीत आजही उपयोगी आहे. पान बारीक चिरून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात दहा मिनिटे ठेवावे आणि हुंगावे. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत हे शिक्षकास करून दाखविता येईल. द्रावण दाहक आहे, ते मुलांच्या हाती देऊ नये. आणि सलग आठ-दहा नमुन्यांनंतर नाक बधिर होते, तेव्हा दोघा-तिघांनी आळीपाळीने हुंगावे. विज्ञानाने जुन्या वारशाची परीक्षा करण्याची परंपरा या तालुक्यास नवी नाही. लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली, ती योगक्रियांचे परिणाम यंत्रांनी मोजून पाहण्यासाठीच. वडगावच्या मुलांनी भाताच्या पानाचा वास शास्त्रशुद्ध रीतीने तपासला तर ते त्याच वाटेवरचे पाऊल ठरेल.

पंचायत सदस्यांसाठी कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा व विकण्याचा अधिकार आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा छापून विकता येत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाणाची नोंदणीही याच कायद्याने करता येते. मुळशीच्या आंबेमोहोरास २०१६ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक मिळाला; नावाचे संरक्षण गंधावर नव्हे तर भूमी, वाण व पद्धती यांच्या नोंदीवर उभे असते, हे त्यावरून दिसते. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची व लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अनेक ठिकाणी ही वही कपाटाबाहेर निघत नाही. तीत ‘आंबेमोहोर: सुवासिक’ एवढेच लिहून भागणार नाही. कोणाच्या खाचरात, किती वर्षांपासून, बी कोठून आणलेले, रोपाची उंची किती, फुलोरा कोणत्या पंधरवड्यात येतो, कापणीच्या वेळी लोळतो की नाही, सडल्यावर कणी किती पडते, आणि शिजताना कोणा जाणत्या बाईने तो वास खरा म्हणून ओळखला, हे सारे तीत असावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून येत्या कापणीच्या सुमारास ही माहिती घरोघर गोळा करून ग्रामसेवकांकडे द्यावी, अशी माझी सूचना आहे. नोंदीचा एक नमुना मी सोबत आणला असून तो आपणास बाहेरच्या टेबलावर मिळेल.